बेटावर स्कूबासाठी कधी जावं: कोरडा हंगाम, पावसाळा की मधले महिने?

बेटावरच्या स्कूबासाठी चांगला सीझन कोणता असं विचारलं, की बहुतेकांकडून एकच उत्तर येतं: कोरडा हंगाम. उत्तर चुकीचं नाही, पण अर्धवट आहे. उष्ण कटिबंधातल्या समुद्रात निवळ पाणी आणि मोठे प्राणी सहसा एका वेळी मिळत नाहीत. पाणी निवळ दिसतं कारण त्यात प्लवक, म्हणजे पाण्यात तरंगणारे सूक्ष्म जीव, कमी असतं, आणि प्लवक कमी म्हणजे त्यावर जगणाऱ्या मांटा रे (पंखांसारखे रुंद कल्ले असलेला मोठा चपटा मासा) किंवा व्हेल शार्कला तिथे यायचं कारणही कमी. म्हणून तारखा धरण्याआधी दोन गोष्टी ठरवाव्यात: पाण्याखाली नेमकं काय बघायचंय, आणि त्यासाठी किती हेलकावे सोसायची तयारी आहे.

मालदीव: एकच बेटसमूह, दोन समुद्र

ही अदलाबदल मालदीवइतकी स्वच्छ क्वचितच कुठे दिसते. साधारण डिसेंबर ते एप्रिल तिथे ईशान्य मोसमी वारे असतात. समुद्र शांत, पाऊस कमी आणि प्रवाह पूर्वेकडून पश्चिमेकडे. खुल्या समुद्राचं निवळ पाणी पूर्वेकडच्या चॅनलमधून, म्हणजे प्रवाळी कडेतल्या खिंडींतून, आत शिरतं. या दिवसांत तीस मीटरपर्यंत दिसणं नवलाचं नसतं. चॅनलच्या तोंडाशी ग्रे रीफ शार्क प्रवाहाकडे तोंड करून जवळजवळ स्थिर तरंगताना दिसतात. ज्यांना रीफचा, म्हणजे प्रवाळ खडकाचा, पूर्ण देखावा, रंग आणि वाइड अँगल फोटो हवेत, त्यांच्यासाठी जानेवारी ते मार्च हाच काळ. फक्त हे सगळ्यांना माहीत असल्यामुळे चांगल्या स्पॉटवर तीन-चार बोटी एकदमच लागलेल्या असतात.

मे ते ऑक्टोबर वारे नैऋत्येचे. प्रवाह उलटतो, पाणी गढूळसर हिरवट होतं, दृश्यता बरीच उतरते. आणि प्लवक अटोलच्या, म्हणजे कड्यासारख्या गोल प्रवाळी बेटसमूहाच्या, पूर्व बाजूला साठत असल्यामुळे मांटाही तिकडे सरकतात. बा अटोलमधला हनिफारूचा छोटा उपसागर याच काळात भरतो, विशेषतः ऑगस्ट ते ऑक्टोबर. भरतीबरोबर प्लवक आत येऊन कोंडतं आणि मांटा त्यावर तुटून पडतात. तोंडापुढचे दोन पंखे उलगडलेले, जबडा पूर्ण वासलेला, आणि दाट जागा सापडली की जागच्या जागी उलट्या कोलांट्या. त्या कोलांटीत पोट वर येतं आणि त्यावरचे काळे ठिपके दिसतात. प्रत्येक मांटाची ठिपक्यांची ठेवण वेगळी असते, अभ्यासक त्यावरूनच त्यांना ओळखतात. एक गोष्ट मात्र बुकिंगच्या आधीच माहीत हवी: हनिफारूत स्कूबाला बंदी आहे, तिथे फक्त स्नॉर्कलिंग चालतं. केवळ त्यासाठी जाणार असाल तर डाइव्ह पॅकेजवर फार खर्च करू नका.

पावसाला नव्हे, वाऱ्याला घाबरा

पावसाळा म्हणजे डाइव्हिंग खराब, हा समज मला खोडून काढावासा वाटतो. तुम्ही पाण्याखालीच असता, वर सर पडली तर फरक पडत नाही. पाणी बिघडवतात ते वारा आणि नद्या. डोंगराळ, नद्या-ओढे असलेल्या बेटावर मुसळधार पावसानंतर किनाऱ्याजवळचं पाणी मातीने गढुळतं. सपाट प्रवाळी अटोलवर नद्याच नसतात, त्यामुळे तिथे गाळ वाहून येण्याचा प्रश्न उरत नाही. हा फरक लक्षात ठेवला तर कोणत्या बेटावर पावसाळ्यात जाण्यात अर्थ आहे, याचा अंदाज घरबसल्या येतो.

वारा मात्र खरोखर त्रास देतो, आणि तोही पाण्याखाली नाही, बोटीवर चढताना. डाइव्ह संपलेला असतो, हातपाय थकलेले असतात, पाठीवर टाकी आणि कमरेला वजनं. समोर शिडी लाटेबरोबर वर उचलली जाते आणि धाडकन पाण्यात आपटते. ती खाली आली की पकडायची, फिन काढून वर द्यायचे, पुढच्या लाटेच्या आत दोन पायऱ्या चढायचं. सराव असलेल्याला यात विशेष काही नाही. नुकतंच सर्टिफिकेट घेतलेल्याला मात्र इथे भीती बसते आणि ती लवकर जात नाही. म्हणून ओपन वॉटर हा स्कूबाचा पहिला कोर्स करायचा असेल, किंवा कोर्सनंतरची पहिलीच ट्रिप असेल, तर माझं मत ठाम आहे: कोरडा हंगाम. गर्दी सोसा, दर सोसा, पण शांत पाण्यात शिका. या कोर्सच्या अठरा मीटर खोलीच्या मर्यादेत रीफवर बघण्यासारखं भरपूर असतं.

देशाच्या नावावर महिना ठरवू नका

थायलंडमध्ये अंदमान समुद्रातलं सिमिलान राष्ट्रीय उद्यान दरवर्षी मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतं. त्याच काळातले बरेच महिने थायलंडच्या आखाताच्या बाजूचं को ताओ बेट चांगलं असतं, आणि तिथला खरा पाऊस नोव्हेंबर-डिसेंबरात येतो. इंडोनेशियात राजा अंपातचा मुख्य हंगाम ऑक्टोबर ते एप्रिल, तर कोमोडोचा कोरडा काळ साधारण एप्रिल ते नोव्हेंबर. फिलिपिन्सच्या तुब्बाताहात तर निवडीचा प्रश्नच नाही: मार्चच्या मध्यापासून जूनच्या मध्यापर्यंत लाइव्हअबोर्ड (मुक्कामाच्या डाइव्ह बोटी) जातात, बस्स.

कॅरिबियन बेटांसाठी १ जून ते ३० नोव्हेंबर हा चक्रीवादळांचा अधिकृत काळ, त्यातही सप्टेंबर सर्वात धोक्याचा. बोनेर आणि कुरासाव ही बेटं वादळांच्या नेहमीच्या वाटेच्या दक्षिणेला पडतात. त्यामुळे सुट्टी सप्टेंबरातच मिळणार असेल तर मी तिकडे वळेन.

पाण्याचं तापमान

उष्ण कटिबंध म्हणजे पाणी नेहमी कोमट, हेही सगळीकडे खरं नाही. बालीजवळच्या नुसा पेनिदाला जुलै ते ऑक्टोबर खोल समुद्रातलं थंड पाणी वर येतं आणि त्याबरोबर अवाढव्य मोला (सनफिश) मासे. पाणी कधी कधी वीस अंशांच्याही खाली जातं. तिथे तीन मिलिमीटरचा वेटसूट घेऊन गेलात तर वीस मिनिटांत दात वाजू लागतील. गालापागोसमध्येही व्हेल शार्कचा काळ, जून ते नोव्हेंबर, हा थंड पाण्याचाच काळ.

उलट टोकही बघायला हवं. उत्तर हिंदी महासागरात एप्रिल-मेमध्ये पाणी सर्वात जास्त तापतं. मालदीवमध्ये १९९८ आणि २०१६ साली प्रवाळाचं मोठं विरंजन (उष्णतेने पांढरं पडणं) झालं ते याच सुमारास सुरू झालं. प्रवाळ बघायलाच जात असाल आणि वर्ष एल निनोचं, म्हणजे समुद्र नेहमीपेक्षा तापण्याचं, असेल, तर हंगामाच्या शेवटाकडे न जाता जानेवारी-फेब्रुवारीत जा. पांढरा पडलेला रीफ बघणं फार वाईट वाटतं, आणि तशा ताणात असलेल्या प्रवाळावर डायव्हरची गर्दीही नको.

मधले महिने

वीस-पंचवीस डाइव्ह झालेले असतील, आणि हेच एक दृश्य हवं असा हट्ट नसेल, तर मी दोन हंगामांच्या सांध्याचे महिने सुचवेन. मालदीवसाठी नोव्हेंबर किंवा एप्रिलची अखेर. वारा बदलत असतो, एखादा दिवस वाया जाऊ शकतो, पण पाणी बऱ्यापैकी निवळलेलं असतं, मांटा अजून पूर्ण पांगलेल्या नसतात, बोटी कमी आणि दर उतरलेले. जोखीम फक्त वेळेची. म्हणून चार दिवसांची ट्रिप असेल तर इकडे फिरकू नका. आठ दिवस असतील तर दोन वाया गेले तरी हाती पुरेसे उरतात. परतीचं विमान शेवटच्या डाइव्हनंतर किमान १८ तासांनी हवं, तेही याच हिशोबात धरा.

महिना ठरला की पंचांग उघडा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाला चॅनलमध्ये प्रवाह जोरात असतो, अष्टमी-नवमीच्या भांगाला सौम्य. कोमोडोसारख्या प्रवाहांसाठीच ओळखल्या जाणाऱ्या ठिकाणी पहिल्यांदा जाताना भांगाच्या आसपासचे दिवस घ्या. प्रवाहात रीफ हुक (खडकाला अडकवायचा दोरीचा आकडा) लावून शार्क बघायची सवय असेल, तर उधाणाचे.