पट्टी की टेप? मुलांना घरी लांबी मोजायला शिकवताना

पहिली-दुसरीतल्या मुलाच्या हातात मोजायला काय द्यायचं, हा तसा प्रश्नच वाटत नाही. कंपासपेटीत पट्टी असते, ती द्यायची. आमच्याकडेही तसंच चाललं होतं. पण मोठी मुलगी आता चौथीत आणि धाकटा पहिलीत, तोवर घरात वीत-पाऊल, पट्टी, शिवणाची टेप आणि सुतारकामाची स्टीलची टेप, सगळंच वापरून झालं. त्यातलं काय कशाला बरं पडतं, ते माझ्या अनुभवापुरतं सांगतो. मी शिक्षक नाही, आणि प्रत्येक मूल वेगळं असतं, हे धरून वाचा.

वीत-पावलाची बाकीच्यांशी स्पर्धा लावण्यात अर्थ नाही. सुरुवात तिथूनच करावी. शाळेच्या पुस्तकातही ते असतंच, पण पुस्तकात चित्र बघून उत्तर लिहायचं असतं आणि घरात खरं टेबल असतं. मूल वीत टाकताना दोन विती एकमेकींवर चढवतं किंवा मध्ये फट सोडतं. ती फट डोळ्यांना दिसते, म्हणून लगेच सांगता येते. पट्टीवर अशी चूक लपून राहते. मग तेच टेबल आपण मोजून दाखवायचं. त्याच्या आठ भरतात, आपल्या सहा. खरं कुणाचं? इथे वाद होऊ द्यावा. आमच्या आईने यात आणखी एक भर घातली: दोन विती म्हणजे एक हात, कोपरापासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंत. हे लहान-मोठ्या प्रत्येकाला आपापल्या अंगावर जवळपास जुळतं. धाकटा घरभर प्रत्येकाचा हात धरून ते तपासत होता. मात्र या टप्प्यावर फार रेंगाळू नये. ‘सगळ्यांचं माप एकच का नाही?’ असं मुलाने विचारलं, की पुढे सरकायचं.

स्टीलची टेप मुलांना सगळ्यात जास्त आवडते, आणि सुरुवातीला तीच देऊ नये असं मला वाटतं. सोडली की सटकन आत जाते, बोटाला कड लागते. शिवाय तिच्या टोकाचा, वस्तूला अडकवायचा हूक हलतो. तो मुद्दाम तेवढा सैल ठेवलेला असतो. बाहेरून अडकवून मोजताना हुकाची जाडी मापाबाहेर राहावी, आणि भिंतीला टेकवून मोजताना ती मापात धरली जावी, म्हणून. मोठ्यांनाही हे चटकन पटत नाही. सहा वर्षांच्या मुलाला ती टेप बिघडलेलीच वाटते. खोलीची लांबी मोजायची वेळ येईल तेव्हा बघू.

म्हणजे खरी निवड पट्टी आणि शिवणाची टेप यांच्यात.

पट्टीच्या बाजूने बोलायचं तर ती सरळ राहते, दप्तरात असते, शाळेत तीच वापरायची असते. पेन्सिल, खोडरबर, वहीची कड अशा लहान वस्तूंना तिच्यासारखं सोपं काही नाही. हे सगळं मान्य. पण तिच्यावरून माझं मन उडालं ते शून्याच्या मागच्या कोऱ्या जागेमुळे. बहुतेक प्लास्टिकच्या पट्ट्यांवर कड संपते तिथे शून्य नसतो, थोडा आत असतो. कारण रास्त आहे: कडा झिजतात, कोपरे उडतात, आणि शून्याची रेघ अगदी कडेला असती तर तीही गेली असती. पण मुलाच्या दृष्टीने पट्टी सुरू होते ती कडेपासून. ते पेन्सिलीचं बूड पट्टीच्या कडेशी नीट जुळवतं, आणि त्या वयात एवढं नीट जुळवणं हीच कौतुकाची गोष्ट असते. तरी उत्तर चुकतं.

हिशेब करून बघा. नवी पेन्सिल साडेसतरा सेंटिमीटरची आहे आणि पट्टीवर शून्याआधी अर्धा सेंटिमीटर जागा आहे. मुलाने कड जुळवली तर उत्तर येतं 17. दुसरं मूल मोजणं एकपासून सुरू करतं, कारण आपण त्याला आयुष्यभर ‘एक, दोन, तीन’ असंच मोजायला शिकवलंय. त्याचं येतं साडेअठरा. आणि तिसरं मूल आकडे न वाचता रेघा मोजतं: शून्यापासून पाचापर्यंत घरं पाच, पण रेघा सहा, म्हणून त्याचं उत्तर एकाने जास्त. एकाच पेन्सिलीची ही तीन चुकीची उत्तरं, आणि प्रत्येकामागे मुलाचा काहीतरी विचार आहे. वहीवर मात्र तिन्हींना सारखीच फुली मिळते. आमच्या मुलीला तशी मिळाली, आणि नंतर कितीतरी दिवस ती पट्टी हातात घेतली की आधी माझ्या तोंडाकडे बघायची. कुठून सुरू करायचं, हे पट्टीवर दिसण्याऐवजी ती माझ्या चेहऱ्यावर शोधत होती.

शिवणाच्या टेपला टोकाशी धातूची छोटी पट्टी असते आणि माप तिच्या कडेपासूनच सुरू होतं. टोक जिथे, शून्य तिथे. धाकट्याला ‘शून्य कुठून’ हे मला समजावून सांगावं लागलं नाही. टोक वस्तूला टेकवलं की झालं. आमच्याकडच्या टेपवर आकडाही रेघेच्या अलीकडे, घराच्या आत छापलाय, त्यामुळे तो रेघा मोजत बसला नाही. सगळ्या टेपवर तसं असेलच असं नाही, बघून घ्या. दुसरी गंमत म्हणजे टेप वाकते. कलिंगडाचा घेर, बादलीचं तोंड, स्वतःचं डोकं, आजोबांचं पोट: पट्टीने यातलं काहीच मोजता येत नाही, आणि मुलांना मोजायची हौस असते ती नेमकी याचीच. आमच्या शेजारच्या काकू घरी गणवेश शिवतात. सोलापुरात असं घर दूर शोधायला लागत नाही. त्यांच्या गळ्यातली टेप बघून धाकटाही तशीच गळ्यात घालून फिरू लागला. ‘काय मोजायलास रे?’ असं त्यांनी विचारलं, की तो त्यांच्याच मशिनीचं माप सांगायचा.

टेपचेही दोष आहेत, ते लपवत नाही. पुष्कळ टेपवर एका बाजूला इंच आणि दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असतात, आणि उलट केली की शून्य दुसऱ्या टोकाला जातो. मग मूल दीडशेपासून वाचायला लागतं. सेंटिमीटरच्या शून्याच्या टोकाला आम्ही लाल नेलपॉलिश लावलं, तेवढ्याने भागलं. जुनी कापडी टेप ओढून ओढून लांबते, म्हणून ती मुलांना देऊ नये. नवी घेताना, दोन्ही बाजूंचा शून्य एकाच टोकाला असेल तर, 60 इंचांची खूण मागच्या बाजूला कुठे येते ते बघा. एक इंच म्हणजे 2.54 सेंटिमीटर, तेव्हा 60 इंच म्हणजे 152.4. साठाची खूण बरोबर दीडशेच्या पाठीवर येत असेल तर दोहोंपैकी एका बाजूचं माप ओढूनताणून बसवलंय. नवी पेठेत शिवणसाहित्याच्या दुकानात उभ्या उभ्या हे तपासता येतं, दुकानदार जरा विचित्र नजरेने बघतो इतकंच.

इंच की सेंटिमीटर, यावर आमच्या घरात एकमत नाही. मापांचा दशमान कायदा 1956चा, पण आई लुगडं वारांत सांगते, माझी उंची फुटांत आहे आणि चादर साठ बाय नव्वद इंचांची. शाळेत सेंटिमीटर लागतात, म्हणून पहिलं वर्षभर इंचांची बाजू मी कागदी चिकटपट्टीने झाकून टाकली. चादर तरीही मोजलीच, सेंटिमीटरमध्ये. नव्वद इंच म्हणजे 228 च्या थोडं वर. दीडशेची टेप एकदा पुरत नाही. पहिली टेप संपते तिथे बोट ठेवायचं, तिथूनच पुन्हा शून्य लावायचा आणि बेरीज करायची. हे मुलाला चादरीमुळे आपोआप कळलं. आमची चादर लेबलावरच्या मापापेक्षा कमी भरली, तेव्हा ‘धुतल्यावर सुती कापड आटतं’ हा वेगळा धडाही झाला.

तेव्हा दोन्ही घेणार असाल तर आधी टेप, मग पट्टी, असं मी सुचवेन. एकच घ्यायची असेल आणि मूल तिसरीच्या पुढे असेल, तर पट्टी घ्या. रेघ आखायची वेळ आली की टेपचा काही उपयोग नाही. पट्टी निवडताना दुकानात चार-पाच काढून शून्य कडेच्या जास्तीत जास्त जवळ असलेली बघा. स्टीलच्या काही पट्ट्यांवर शून्य थेट कडेलाच असतो. त्या थोड्या महाग पडतात आणि कोपरे टोकदार असतात, त्यामुळे दप्तरात टाकण्याआधी कोपऱ्यांवरून कानस फिरवून घ्यावी.