ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोन: जिभेखालच्या गोळीचे १४ महिने

पाठीच्या ऑपरेशननंतर मला ऑक्सिकोडोन (अफूच्या जातीची जोरदार वेदनाशामक गोळी) सुरू झालं. दुखणं तीन महिन्यांत गेलं, गोळ्या चार वर्षं सुटल्या नाहीत. आता १४ महिने मी ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोनवर आहे, म्हणजे हे व्यसन सोडवण्यासाठी जिभेखाली ठेवायच्या गोळीवर. हे लिहितोय ते जास्त करून घरच्या माणसांसाठी. ‘एक नशा सोडली, दुसरी धरली’ असं माझा सख्खा भाऊ मला तोंडावर म्हणाला होता, आणि असं ऐकून ऐकून माणूस औषध अर्ध्यावर टाकतो.

त्याआधी एका केंद्रात दहा दिवस राहून मी फक्त टर्की (औषध बंद केल्यावर शरीराला होणारा त्रास) काढली होती. घरी पाठवताना तिथं कुणीही सांगितलं नाही की एवढ्या दिवसांत शरीराची सवय मोडते आणि पूर्वी पचणारा डोस आता जीव घेऊ शकतो. तीन आठवड्यांनी पाय घसरला. घेतला तो पूर्वीचाच डोस. बायकोला मी बाथरूमच्या फरशीवर सापडलो, ओठ निळे पडलेले. अॅम्ब्युलन्समधल्या माणसांनी नालोक्सोन, म्हणजे अशा औषधांचा परिणाम उलटवणारा उतारा, दिलं म्हणून वाचलो. त्या केंद्रावरचा माझा राग अजून गेलेला नाही.

ब्युप्रेनॉर्फिन-नालोक्सोनचा पहिला डोस फार जपून घ्यावा लागतो. मेंदूत अफूच्या जातीची औषधं ज्या जागी जाऊन बसतात तिथंच ब्युप्रेनॉर्फिन बसतं, पण जास्त घट्ट, आणि काम करतं अर्धवट. आधीचं औषध अंगात असताना घेतलं तर ते त्याला हुसकावून लावतं आणि टर्की एकदम उसळते. म्हणून ऑक्सिकोडोनसारख्या गोळीनंतर साधारण १२ ते २४ तास थांबवतात, मेथाडोननंतर (व्यसनावर देतात ते अफूच्याच जातीचं, जास्त वेळ टिकणारं औषध) आणखी जास्त. मी १८ तास काढून गेलो. डॉक्टरबाईंनी ११ लक्षणांचे गुण मांडले: नाडी, घाम, बाहुल्या, जांभया, हाताची थरथर. अंगावरचा काटा तर माझ्या हातावरून बोट फिरवून पाहिला. म्हणाल्या, “अजून थोडं थांबू या.” तो तास सरता सरत नव्हता. पण त्या थांबल्या हे बरंच झालं. गोळी विरघळल्यावर पाऊण तासात नाक गळायचं थांबलं, पाय शांत झाले. नशा अजिबात नाही. चार वर्षांत पहिल्यांदा मी पुढच्या गोळीचा विचार न करता खुर्चीत बसलो होतो.

गोळी गिळायची नसते, गिळली तर बरीचशी वाया जाते. विरघळायला पाच-दहा मिनिटं लागतात आणि तोवर बोलायचं नाही. माझी चार वर्षांची मुलगी नेमकी तेव्हाच प्रश्न विचारते. एक बोट म्हणजे हो, दोन म्हणजे नाही, असं आमचं ठरलंय. सोबतचं नालोक्सोन जिभेखालून फारसं शोषलं जात नाही. कुणी गोळी विरघळवून टोचून घेतली तरच ते आपला प्रताप दाखवतं.

त्रास आहेत. चव कडू, बद्धकोष्ठ कायमचं, रात्री घाम. आणि दात! अमेरिकेच्या एफडीएनं (तिथली सरकारी औषध नियंत्रण संस्था) जानेवारी २०२२ मध्ये याबद्दल इशारा दिला होता: गोळी विरघळली की पाण्यानं चूळ भरा, ब्रश तासाभरानं करा. मला हे कळेपर्यंत एक दाढ गेली होती.

मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. काहींना मेथाडोनच जास्त मानवतं. नालट्रेक्सोनचं (अफूच्या जातीच्या औषधांचा परिणामच अडवणारं औषध) महिन्याचं इंजेक्शनही आहे, पण त्याआधी आठवडा-दहा दिवस पूर्ण कोरडं राहावं लागतं. मला ते जमलं नसतं. या व्यसनाविरुद्धच्या लशीवर संशोधन चालू आहे, पण कृपा करून तिची वाट पाहत बसू नका.

पुढच्या महिन्यात मी ब्युप्रेनॉर्फिनच्या महिन्याच्या इंजेक्शनवर जातोय. अमेरिकेत त्याला २०१७ मध्ये मंजुरी मिळाली. पोटाच्या कातडीखाली देतात, रोजची गोळी सुटते. मला खरी काळजी मुलीची आहे. लहान मुलाच्या तोंडात यातली एक गोळी गेली तरी जिवावर बेतू शकतं, म्हणून सध्या डबी कुलपात आणि किल्ली बायकोकडे. नालोक्सोनचा नाकात मारायचा स्प्रे मात्र दाराजवळच्या खणात, कुलपाविना. तो कसा मारायचा हे बायकोनं भावालाही शिकवलंय.