जुनी गाडी, साडेआठ हजारांची कार सीट आणि १७ महिने

लेक नऊ महिन्यांची असताना ही कार सीट घेतली, आता ती सव्वादोन वर्षांची होत आली. दर आठवड्याला मुलुंड ते दादर, माझ्या माहेरी, आणि महिन्यातून एकदा पुणे, सासरी. आमची गाडी २०१६ ची लहान हॅचबॅक, आयसोफिक्स, म्हणजे कार सीट बेल्टशिवाय अडकवायची गाडीतली कडी, नसलेली. सीटवर पंचवीस-तीस हजार घालायची आमची तयारी नव्हती. अशा घरासाठी उपयोगी पडेल अशी माहिती मला तेव्हा हवी होती, म्हणून सगळं सविस्तर लिहिते.

आधी घरातला विरोध. सासूबाईंचं म्हणणं, "मी आहे ना मांडीवर घ्यायला! आमची सगळी मुलं अशीच वाढली." त्यांच्या प्रेमाबद्दल प्रश्नच नव्हता, पण हातांच्या ताकदीचा होता. ताशी ५० किलोमीटरच्या वेगात गाडी आदळणं म्हणजे साधारण दहा मीटरवरून, म्हणजे आमच्या बिल्डिंगच्या तिसऱ्या मजल्यावरून खाली पडण्याइतकंच. गाडीचा पुढचा भाग चेपून ती अर्ध्या-पाऊण मीटरमध्ये थांबली, तर नऊ किलोचं बाळ त्या क्षणी जवळजवळ दीड क्विंटलच्या जोराने हातातून ओढलं जातं. हे मी त्यांना कागदावर आकडे मांडून दाखवलं. त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत, आणि नंतर "मग घ्या" म्हणाल्या. कायद्याने तर २०१९ च्या दुरुस्तीपासून १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट लागतेच, नाहीतर हजार रुपये दंड आहे. पण आमच्या घरात खरा फरक पडला होता तो ४ सप्टेंबर २०२२ ला, पालघरजवळच्या अपघातात सायरस मिस्त्री गेले तेव्हा. ते मागच्या सीटवर होते आणि बेल्ट लावलेला नव्हता. त्याच आठवड्यात ह्यांनी आमच्या मागच्या सीटचे बेल्ट कव्हरच्या खालून उपसून बाहेर काढले.

पहिली सीट ऑनलाइन मागवली आणि ती फसली. सीट वाईट नव्हती, आमच्या गाडीचा बेल्ट तिला पुरला नाही. बाळाचं तोंड मागे करून सीट लावायची तर बेल्टला सीटला पूर्ण वळसा घालावा लागतो, आणि आमचा बेल्ट शेवटपर्यंत ओढूनही बकलपासून चार बोटं लांबच राहिला. सीट परत केली. मग ठरवलं, गाडीत लावून बघितल्याशिवाय घ्यायची नाही. पहिल्या दुकानदाराने साफ नकार दिला, "पॅकिंग फोडता येणार नाही." दुसरीकडे काउंटरवरचा मुलगा डिस्प्लेची सीट खांद्यावर घेऊन स्वतः खाली आला आणि रस्त्याकडेला लावलेल्या आमच्या गाडीत त्याने तीन सीट लावून दाखवल्या. दोन बसल्या. त्यातली एक आम्ही साडेआठ हजारांना घेतली. तुम्हाला माझा एकच आग्रह: किंमत, रंग, परीक्षणं सगळं नंतर बघा, आधी सीट तुमच्या गाडीत नीट बसते का ते बघा.

निवडताना आणखी चार गोष्टी बघितल्या. मागे ईसीई आर४४/०४ या युरोपीय सुरक्षा नियमाचं केशरी लेबल आहे ना, हे पहिलं. नवा नियम आर१२९ आहे, पण आमच्या बजेटमध्ये, बेल्टने बसणारी आणि त्या नियमातली सीट तेव्हा मिळाली नाही. दुसरं, बाळाचं तोंड मागे ठेवून १३ किलोपर्यंत आणि पुढे करून १८ किलोपर्यंत, दोन्ही वापर एकाच सीटमध्ये. तिसरं, गाडीचा बेल्ट आवळून धरणारा लॉकचा चिमटा. आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांचे बेल्ट एरवी सैल राहतात, फक्त झटक्याला अडकतात. चिमटा नसेल तर सीट दोन दिवसांत डुगडुगायला लागते. चौथं, सीटच्या पाठीवर छापलेली तयार झाल्याची तारीख, म्हणजे सीट किती जुनी आहे ते कळतं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीने तिची जुनी सीट फुकट देऊ केली होती. ती तिनेही दुसऱ्याकडून घेतलेली होती. ती सीट अपघातात सापडली होती का, हे कुणालाच सांगता येईना, म्हणून मी नम्रपणे नाही म्हटलं.

आता तोंड मागे का, कारण हे मला सगळेच विचारतात. "बिचारीला बाहेरचं काही दिसत नाही!" तान्ह्या मुलाचं डोकं शरीराच्या मानाने फार जड आणि मान कोवळी. समोरून धक्का बसला तर तोंड पुढे असलेल्या बाळाचं अंग पट्टे धरून ठेवतात, पण डोकं पुढे फेकलं जातं आणि सगळा ताण मानेवर येतो. तोंड मागे असेल तर तोच धक्का सीटची पाठ डोकं, मान, पाठ यांवर सारखा वाटून घेते. आर४४ प्रमाणे नऊ किलोनंतर सीट फिरवता येते, आर१२९ निदान १५ महिने थांबायला सांगतो. माझी लेक आज साडेअकरा किलोची आहे आणि अजून तोंड मागेच आहे. पाय दुमडून, मांडी घालून मजेत बसते. आणि अशी सीट एअरबॅग असलेल्या पुढच्या सीटवर कधीही लावू नका. एअरबॅग उघडली की बाळाच्या डोक्यामागे असलेल्या सीटच्या पाठीवर थेट आदळते.

आम्ही सीट मागे डाव्या बाजूला लावली. ह्यांची उंची सहा फूट, त्यामुळे ड्रायव्हरच्या मागे जागाच उरत नव्हती. आणि डावीकडून उतरवलं की बाळ फुटपाथकडे निघतं, रिक्षांच्या तोंडात नाही.

लावायला पहिल्यांदा पाऊण तास लागला, आता दहा मिनिटं. मागे तोंड असताना बेल्ट निळ्या खुणांतून जातो, पुढे असताना लाल. गुडघा सीटमध्ये रोवून सगळं वजन टाकायचं, बेल्ट आवळायचा, मग चिमटा बंद. नंतर बेल्ट जातो तिथेच सीट धरून हलवायची. एक इंचापेक्षा जास्त हलली तर पुन्हा पहिल्यापासून. बाळाचे पट्टे आवळल्यावर खांद्याजवळ पट्ट्याला चिमटीत धरून बघायचं. चुणी हातात आली तर पट्टा सैल आहे. डिसेंबरात लोणावळ्याला गेलो तेव्हा जाड स्वेटर काढून आधी पट्टे आवळले आणि स्वेटर वरून उलटा पांघरला. स्वेटरवरून आवळलेला पट्टा घट्ट वाटतो, पण असतो सैलच.

एक प्रसंग मी विसरू शकत नाही. जूनमध्ये गाडी सर्व्हिसिंगला दिली होती. परत आली तेव्हा सीट जागच्या जागी दिसत होती, म्हणून मी नुसतं लेकीला बसवलं. पूर्व द्रुतगती मार्गावर विक्रोळीपाशी एक बाइक आडवी आली, ह्यांनी ब्रेक मारला आणि सीट लेकीसकट पुढच्या सीटच्या पाठीवर कलंडली. वेग जेमतेम चाळीस असेल. तिला काही लागलं नाही, पण माझे हात घरी पोहोचेपर्यंत थरथरत होते. खाली उतरून बघितलं तर कंबरेचा बेल्ट घातला होता, खांद्याचा नुसता मागे लोंबत होता. धुताना कुणीतरी सीट काढली आणि मनाने लावली. चूक माझीही, हलवून न बघण्याची. तेव्हापासून गाडी कुठूनही आली की बाळाला बसवण्याआधी मी सीट धरून हलवते. वॉचमन रोज गाडी पुसतो, त्यालाही सांगून ठेवलंय, मागच्या दाराला हात लावू नकोस.

मुंबईच्या हवेत सीट कशी टिकली? एप्रिल-मेमध्ये उघड्यावर लावलेल्या गाडीत बकलची धातूची जीभ चटका बसेल इतकी तापते. गाडी उभी असताना मी आजीच्या जुन्या लुगड्याचा तुकडा सीटवर पसरून ठेवते आणि बसवण्याआधी बकलला हात लावून बघते. लेकीची पाठ घामाने भिजते, त्याला माझ्याकडे उपाय नाही. वेगळी गादी पाठीशी घालायची नाही, कारण तिने पट्टे सैल पडतात. पावसाळ्यात कापडाला कुबट वास आणि कडेला काळे ठिपके आले. कव्हर मशीनमध्ये धुतलं, पंख्याखाली वाळायला दोन दिवस लागले. पट्टे मात्र मशीनमध्ये घालायचे नसतात, ओल्या फडक्याने पुसायचे. बिस्किटाचा चुरा बकलमध्ये गेला की "टक्" आवाज येत नाही. तो आवाज येईपर्यंत आम्ही निघत नाही.

पहिले दोन आठवडे ती ऐरोली पुलापर्यंत रडायची. आम्ही सीटमधून काढलं नाही, आणि तिसऱ्या आठवड्यात रडणं थांबलं. पुण्याला जाताना खालापूरला थांबतो आणि तिला बाहेर काढून पाय मोकळे करू देतो.

एक गोष्ट अजून सुटलेली नाही: टॅक्सी. काळी-पिवळीत मागचा बेल्ट कव्हरखाली गाडलेला असतो, आणि सात किलोची सीट घेऊन दादर स्टेशनवर उतरणं शक्य नाही. तिच्यासोबत गाडीशिवाय जायचं असेल तर मी लोकलच पकडते.

१३ किलो झाले की सीट फिरवू, तेव्हा पट्टे खांद्याच्या वरच्या खाचेत घालावे लागतील. १८ किलोनंतर पाठ असलेला बूस्टर (मुलाला उंच बसवून गाडीचाच बेल्ट लावायची सीट) घ्यायचा, नुसता उशीसारखा नाही, हेही ठरलंय. तोवर हीच सीट.