अपहीव्हल लिहू की टर्मॉइल?

इंग्रजीत बातमी, निबंध काहीही लिहायला बसलं की हे दोन शब्द समोर येतात आणि डिक्शनरी उघडली तर दोन्हीकडे खळबळ, उलथापालथ, गोंधळ असं सगळं एकाच ओळीत दिलेलं असतं, मग निवडायचं कसं?

मी शब्दाच्या पोटात शिरून बघते. अपहीव्हलमधलं हीव्ह म्हणजे जड वस्तू जोर लावून उचलणं. एकोणिसाव्या शतकात भूगर्भवाले हा शब्द जमीन वर उचलली जाण्यासाठी वापरायचे. १८१९ साली कच्छच्या भूकंपात सपाट रणातली जमीन वर आली, लांबच लांब बांध तयार झाला, लोक त्याला अल्लाह बंद, म्हणजे देवाचा बांध, म्हणायला लागले आणि तो अजून तिथेच आहे. म्हणजे धक्का बसून गेला तरी जमीन परत पहिल्यासारखी झाली नाही. माझ्यासाठी अपहीव्हलची खूण हीच.

गिरणी संपाचं घ्या. १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला, अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले आणि नंतर लालबाग-परळच पालटलं, भोंगे गेले, चाळींच्या जागी टॉवर आले, कितीतरी घरं गावाकडे परतली. इथे सोशल अपहीव्हलच पाहिजे, टर्मॉइल लिहिलं तर त्या माणसांचं काय गेलं ते कळणारच नाही.

टर्मॉइल म्हणजे गढूळ झालेलं पाणी. अजून हलतंय, तळ दिसत नाही, पण निवळूही शकतं. शेअर बाजार आठवडाभर वरखाली होतो ते टर्मॉइल, निकालाच्या आदल्या रात्री जिवाची घालमेल होते तेही टर्मॉइल. वापरात पण फरक आहे, अपहीव्हल मोजता येतं, एक झालं, दोन झाली, टर्मॉइल सहसा मोजत नाहीत, बहुतेक वेळा 'इन टर्मॉइल' असंच येतं.

कॅटॅक्लिझम मात्र जपून वापरा, मूळ ग्रीक अर्थच महापूर, १२ जुलै १९६१ ला पानशेत धरण फुटलं तसल्या संहारासाठी ठेवा, ऑफिसातल्या बदल्यांसाठी नको.

आणि उलट मराठीत आणताना इमोशनल अपहीव्हलला 'भावनिक उलथापालथ' करू नका हो, वाचताना दगड लागतो. घटस्फोटानंतर बाई 'मी आतून पार ढवळून निघाले' म्हणते, तेच लिहा.