38,500 रुपयांचं पॉवर स्टेअरिंग, आत भंगारातला ऑर्बिट्रोल

माझ्या जुन्या छोट्या ट्रॅक्टरला एका मिस्त्रीनं पॉवर स्टेअरिंग बसवून दिलं, त्याचा आधी हिशेब. ऑर्बिट्रोल (स्टेअरिंग फिरवलं की पुढची चाकं वळवणाऱ्या सिलिंडरला तेल मोजून देणारा भाग) 11,500, सिलिंडर 7,200, पंप 8,800, होज (तेलाच्या नळ्या) आणि फिटिंग 4,300, टाकी-फिल्टर 2,700, मजुरी 4,000. एकूण 38,500 रुपये. त्यातले 25,000 यूपीआयनं आगाऊ घेतले आणि 13,500 रोख. रोखीची पावती नाही. बिल कच्चं, त्यावर जीएसटी क्रमांक नाही, एकाही पार्टचा नंबर नाही. ऑर्बिट्रोल "नवा, 80 सीसी", म्हणजे स्टेअरिंगच्या एका फेऱ्याला 80 सीसी तेल देणारा, म्हणून दिला. निघाला 160 सीसीचा, कुठल्यातरी मोठ्या मशीनवरून उतरवलेला, झिजलेला आणि वरून निळा रंग फासलेला.

नाशिकच्या द्राक्षपट्ट्यात जुने 18-20 एचपीचे छोटे ट्रॅक्टर अजून घरोघरी आहेत. मागे ब्लोअर (फवारणीचा पंखा) लावून ओळीच्या टोकाला दिवसभर वळवले की खांदे भरून येतात, म्हणून पॉवर स्टेअरिंग बसवून घेणारे पुष्कळ. हे लिहितोय ते त्यांच्यासाठी.

या कामातलं मला काही कळत नाही असं कोणी म्हणू नये. सिलिंडरचं माप मीच काढून दिलं होतं: बोअर (आतला व्यास) 40 मिमी, रॉड (दांड्याची जाडी) 20 मिमी, स्ट्रोक (दांड्याची चाल) 200 मिमी. एका बाजूला तेल बसतं 251 सीसी, रॉडच्या बाजूला 188 सीसी. 80 सीसीच्या ऑर्बिट्रोलवर एका टोकापासून दुसऱ्या टोकाला जायला एकीकडे 3.1 फेरे लागले पाहिजेत, दुसरीकडे 2.4. हा दोन बाजूंचा फरक एका रॉडच्या सिलिंडरला असतोच, तो दोष नाही. पण माझ्या ट्रॅक्टरचं स्टेअरिंग दीड फेऱ्यात या टोकाहून त्या टोकाला गेलं. 251 भागिले दीड म्हणजे 160 च्या घरात. हा भागाकार तिथं उभ्या उभ्या तोंडी करता आला असता. मी केला नाही. उलट स्टेअरिंग किती चपळ झालं म्हणून खूश झालो. ते आठवलं की अजून अंगाची आग होते.

आणि ट्रायल दिली कशी? पुढची चाकं जॅकवर उचलून, रेस वाढवून. हवेतलं चाक वळायला जोर लागतोच कुठे! ट्रायल जमिनीवरच घ्या, ट्रॅक्टर जागेवर उभा, स्लो रेस, ब्लोअर जोडलेला. जॅक फक्त हवा काढायला वापरायचा. तेव्हा चाकं उचलून, स्लो रेसवर हळूहळू दोन्ही टोकांना फिरवायचं, टाकीत तेल टाकत राहायचं आणि फेस थांबेपर्यंत सोडायचं नाही.

ऑर्बिट्रोलवर नेमप्लेटच्या जागी रिव्हेटची दोन रिकामी भोकं होती. विचारलं तर मिस्त्री म्हणाला, "शेठ, वाहतुकीत पडली असेल." चारही पोर्टांना (तेलाच्या तोंडांना) प्लास्टिकची टोपणं नव्हती, तोंडात रंग गेलेला होता. नवा माल असा येत नाही, हे मला माहीत होतं. पण ऑक्टोबर छाटणी तोंडावर होती आणि फवारण्या सुरू झाल्या की ट्रॅक्टर दोन दिवससुद्धा उभा ठेवता येत नाही. त्या घाईचाच त्यानं फायदा घेतला.

मोठ्या सीसीनं काय बिघडतं? पंप 4 सीसीचा होता. 1500 आरपीएमला तो मिनिटाला जेमतेम 6 लिटर देतो, 800 ला 3.2 लिटर. स्टेअरिंग मिनिटाला 60 फेऱ्यांच्या वेगानं फिरवायचं तर 80 सीसीला 4.8 लिटर लागतं, 160 ला 9.6. म्हणजे ओळीच्या टोकाला रेस कमी करून झटकन वळायला जावं तर तेल पुरत नाही आणि चाक हातात दगडासारखं अडतं. इंजिन बंद पडलं तर हाच ऑर्बिट्रोल हातपंपासारखा वापरून वळायचं असतं. 160 सीसीवर ते माणसाच्या ताकदीबाहेर जातं. उतारावर हा जिवाशी खेळ आहे.

शिवाय तेल तापलं की ट्रॅक्टर एका अंगाला सरकायचा. तपासणी सोपी आहे. स्टेअरिंग टोकाला नेऊन आणखी दाबून धरा. हळूहळू फिरतच राहिलं तर आत गळती आहे. मग सिलिंडरच्या दोन्ही लाइनी प्लग करून पुन्हा बघा. तरी फिरलं तर दोष ऑर्बिट्रोलचा, थांबलं तर सिलिंडरच्या सीलचा. फार वेळ दाबून धरू नका, रिलीफवर (तेलाचा दाब हद्दीत ठेवणाऱ्या व्हॉल्व्हवर) तेल उकळतं. रिलीफ 80 ते 100 बारच्या दरम्यान हवा आणि तो गेज लावून दाखवायला सांगा. काही जण जडपणा झाकायला नुसता स्क्रू आवळून देतात.

होजची गोष्ट वेगळीच. "दोन वायरचा", म्हणजे आत तारेचे दोन थर असलेला, म्हणून पैसे घेतले. नवव्या दिवशी तो फुटला तेव्हा कापून पाहिला, आत सुताचं विणकाम! तसा होज टाकीकडे परत जाणाऱ्या लाइनीला चालतो, प्रेशरला नाही. ड्रॅग लिंक (स्टेअरिंगपासून चाकांकडे जाणारा लोखंडी दांडा) काढून टाकल्यावर पुढच्या चाकांना धरून ठेवणारं दुसरं काहीच उरत नाही, सगळा भार तेलावर. होज नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतीत क्रिंपिंगवाल्यासमोर (होजला फिटिंग दाबून बसवणाऱ्यासमोर) उभं राहून कापून घ्या, आतली तार डोळ्यांनी बघा. अवजार उचलणाऱ्या लिफ्टच्या लाइनीला नुसता टी (फाटा) मारून देतो म्हणणाऱ्याला दारातूनच परत पाठवा. तेल सोप्या वाटेनं टाकीत जातं आणि लिफ्ट किंवा स्टेअरिंग, एक मरतं. स्वतंत्र पंप किंवा प्रायॉरिटी व्हॉल्व्ह (आधी स्टेअरिंगला तेल देणारा) बसवून घ्या.

दुरुस्तीला वर 21,650 गेले. जीएसटी बिलासकट.

मग तक्रार. पोलीस ठाण्यात तीन चकरा. पहिल्यांदा "साहेब बंदोबस्ताला". दुसऱ्यांदा "हा दिवाणी मामला". तिसऱ्यांदा लेखी अर्ज दिला तर पोच द्यायला नकार. कापलेला होज टेबलावर ठेवला, तर म्हणे हा कचरा उचला. नव्याच्या भावात भंगार रंगवून विकलं, हा दिवाणी मामला कसा? बँकेत गेलो तर "पैसे तुम्हीच पाठवलेत". एका सरकारी कचेरीत सांगितलं, अनुदानाचं अवजार नाही, आमचा संबंध नाही. दुसरीकडे एका बाबूनं ऐकवलं की शेतकरी ग्राहकच नसतो. साफ खोटं. स्वतःच्या उपजीविकेसाठी स्वतः वापरायला घेतलेल्या वस्तूला 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्याचं संरक्षण आहे. जिल्हा ग्राहक आयोगात 5 लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. हे त्या खुर्चीत बसणाऱ्याला माहीत नसावं? पाच दिवस गेले माझे, फवारणीचे पाच दिवस, आणि प्रत्येक टेबलावर मलाच विचारलं की बिल पक्कं का नाही घेतलं.

ठाण्यानं नाकारलं तर अर्ज स्पीड पोस्टानं पोलीस अधीक्षकांना पाठवा, शहरात असाल तर आयुक्तांना. भारतीय न्याय संहितेचं फसवणुकीचं कलम 318 लिहा. मी पाठवलाय, पोच आली आहे. आयोगातली तक्रार तयार होतेय. तो 160 सीसीचा ऑर्बिट्रोल आणि फुटका होज पोत्यात बांधून घरी ठेवलाय, फोटोसकट. "जुना पार्ट द्या, बदलून देतो" असा मिस्त्रीचा दोनदा फोन आला. दिला नाही. तुम्हीही देऊ नका.