क्रूझच्या तयारीचं सामान, काही महिने वापरल्यानंतर: बडोद्याहून पहिल्यांदा निघणाऱ्यांसाठी

हिवाळ्यात मुंबईहून गोव्याची क्रूझ ठरली तेव्हा आमच्या घरात बोटीवर राहून आलेलं कोणीच नव्हतं. व्हिडिओ बघून यादी केली, बरंचसं सामान मंगळ बाजारातून घेतलं, काही ऑनलाइन मागवलं. पुढे उन्हाळ्याच्या सुट्टीत सासूबाईंना घेऊन सिंगापूरहून सुटणाऱ्या मोठ्या जहाजावर गेलो, तेव्हाही तेच सामान बरोबर होतं. आता त्यातलं काही रोजच्या वापरात आहे, काही माळ्यावर गेलं. दांडिया बाजारातल्या आमच्या ओळखीच्या मंडळींत सध्या क्रूझचे बेत चालू आहेत आणि सगळे हेच विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

माझ्या मते सगळ्यात जास्त विचार करून घ्यायची वस्तू म्हणजे पहिल्या दिवशी हातात ठेवायची बॅग. मोठ्या बॅगा टर्मिनलवरच द्याव्या लागतात. त्या तपासून खोलीच्या दाराशी यायला कित्येक तास लागतात, कधी संध्याकाळही होते. तोवर खोलीही तयार नसते. मधल्या वेळात लागणारं सगळं, म्हणजे ओळखपत्रं, औषधं, चष्मा, चार्जर, एक कपड्यांचा जोड, एसीसाठी शाल आणि मुलांचे पोहायचे कपडे, हाताशी हवं. आम्ही पाठीवरची मध्यम सॅक घेतली. कापड दणकट आहे, पाठीमागच्या चोरकप्प्यात सगळ्यांचे पासपोर्ट नीट राहतात. चेन मात्र हलकी निघाली, काही महिन्यांतच एका बाजूने सुटली आणि चेनवाल्याकडून बदलून घ्यावी लागली. दुकानात सॅक गच्च भरून चेन दोन-चारदा लावून पाहा, मगच घ्या. मोठ्या बॅगांना लावायचे कागदी टॅग घरूनच छापून न्यायचे असतात. ते डिंकाने चिकटवू नका. स्टेपल करा किंवा प्लास्टिकच्या पारदर्शक पाकिटात घाला. आमची ती पाकिटं दोन्ही वेळा चालली, अजून जशीच्या तशी आहेत.

सासूबाईंच्या बीपीच्या गोळ्यांसाठी वारांचे कप्पे असलेली डबी घेतली होती. घरात ती उत्तम चालते. परदेशी जाताना मात्र गोळ्या मूळ पाकिटातच आणि डॉक्टरांच्या चिठ्ठीसकट न्या. चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत लिहून घ्या, म्हणजे कुठे विचारणा झाली तर उत्तर तयार असतं.

आता चुंबकाचे हुक. दिसायला किरकोळ वस्तू, पण मला सगळ्यात आवडलेली. जहाजावरच्या खोल्यांच्या भिंती बहुतेक पोलादी असतात आणि खोली आपल्या देवघरापेक्षा जरा मोठी एवढीच वाटते. ओले टॉवेल, टोप्या, सासूबाईंची जपाची पिशवी, गळ्यातली ओळखपट्टी, सगळं भिंतीवर गेलं आणि पाय ठेवायला जागा झाली. स्वस्तातले हुक ओल्या टॉवेलच्या वजनाने घसरतात, जाड चुंबकाचे घ्या. खोलीचं कार्ड मात्र त्यांच्यापासून लांब ठेवा. आता ते आमच्या फ्रिजवर आणि गोदरेजच्या कपाटावर आहेत.

एक्स्टेंशन बोर्ड घेऊ नका. आगीच्या धोक्यामुळे बऱ्याच कंपन्या तो चालू देत नाहीत. इस्त्री, इलेक्ट्रिक किटली, पाणी तापवायचा रॉड, मेणबत्ती, उदबत्ती यांचंही तेच. बॅग तपासताना हे सापडलं तर काढून ठेवतात आणि साधारणपणे शेवटच्या दिवशी परत देतात, पण तेवढ्यासाठी तुमची बॅग अडकून राहते. त्याऐवजी सगळ्या देशांच्या पिनांचा एक अडॅप्टर घ्या. मोठ्या जहाजांवर अमेरिकन आणि युरोपियन पद्धतीचे प्लग पॉइंट असतात, आपली तीन पिनांची पिन तिथे बसत नाही. आमच्या अडॅप्टरला यूएसबीची तोंडंही आहेत, एकाच पॉइंटवर सगळ्यांचे फोन चार्ज झाले. इस्त्रीशिवाय चालतील असे कपडे भरा. सिंथेटिक साड्या आणि जर्सीचे कुर्ते मस्त राहिले.

बोट लागेल ही भीती सगळ्यांना असते. त्यावर गोळीपेक्षाही खोली कुठे घेता याचा फरक पडतो. जहाज पुढे-मागे डोलतं तेव्हा दोन टोकं सर्वांत जास्त वर-खाली होतात, मधला भाग कमी. वरचे मजले जास्त झुलतात. म्हणून मधली, खालच्या मजल्यावरची खोली मागा. गुडघ्यांचा त्रास असलेलं कोणी असेल तर लिफ्टजवळचीही. बाल्कनीची खोली छान दिसते, पण ती बहुतेक वरच्या मजल्यांवर असते. सासूबाईंसाठी आम्ही खालची खिडकीची घेतली आणि त्यांना काही त्रास झाला नाही. आमच्या डॉक्टरांनी मला अ‍ॅव्होमिन लिहून दिली होती. ती त्रास सुरू होण्याआधी घ्यायची असते. तिने झोप येते, त्यामुळे तिच्यावर दिवसभर हिंडायचा बेत करू नका. काचबिंदू किंवा प्रोस्टेटचा त्रास असणाऱ्या वडीलधाऱ्यांना डॉक्टरांना विचारल्याशिवाय अशी गोळी देऊच नका. मनगटाला बांधायचे दाबपट्टे घेतले होते, त्यांचा मला काही उपयोग जाणवला नाही, ते माळ्यावर गेले. आलेपाक आणि डेकवर उभं राहून क्षितिजाकडे बघणं, हे दोन्ही उपयोगी पडलं. अरबी समुद्र जून ते सप्टेंबर खवळलेला असतो. पहिली क्रूझ मुंबईहून करायची तर हिवाळाच बरा.

कागदपत्रांत आपल्या मराठी माणसांची एक खास अडचण असते. कुठे आडनाव आधी, कुठे मधलं नाव वडिलांचं, लग्नानंतर आणखी वेगळं. तिकिटावर नाव पासपोर्टप्रमाणे अक्षर न् अक्षर तेच हवं, देशातल्या क्रूझला ओळखपत्रावर असेल तसं. बुकिंगच्या दिवशीच तपासा, नंतर बदलायला वेळ आणि पैसे दोन्ही जातात. परदेशी जाताना पासपोर्टची मुदत किमान सहा महिने शिल्लक हवी. सिंगापूरसाठी व्हिसा लागतो आणि पोचण्याच्या आधीच्या तीन दिवसांत एसजी अरायव्हल कार्ड ऑनलाइन भरायचं असतं. ते सरकारी संकेतस्थळावर फुकट आहे, त्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. जहाज मलेशिया किंवा थायलंडला जाऊन सिंगापूरला परत येणार असेल तर परतताना ते पुन्हा भरायचं. आणि घरातल्या पुरुषमंडळींना स्पष्ट बजावून सांगा: खायचा तंबाखू, मावा, गुटखा सिंगापूरला न्यायला बंदी आहे. च्युइंगम आणि ई-सिगारेटही नको.

जहाजावर पाऊल ठेवल्यावर सुरक्षेची कवायत होते. ती कंटाळवाणी म्हणून टाळू बघणारे पाहिले की मला खरंच वाईट वाटतं. जानेवारी 2012 मध्ये इटलीच्या किनाऱ्याजवळ कोस्टा कॉन्कॉर्डिया हे जहाज खडकावर आपटून कलंडलं आणि 32 माणसं गेली. त्या दिवशी नव्याने चढलेल्या कित्येक प्रवाशांची कवायत झालेलीच नव्हती. त्यानंतर जागतिक नियम बदलला. 2015 पासून जहाज सुटण्याआधी किंवा सुटल्याबरोबर कवायत घ्यावीच लागते. सात छोटे भोंगे आणि एक लांब, ही धोक्याची खूण. आपलं जमायचं ठिकाण कुठे ते मुलांना पायी चालत दाखवून ठेवा.

पैशांचं म्हणाल तर जहाजावर रोख रक्कम चालत नाही, सगळं खोलीच्या कार्डावर मांडलं जातं आणि शेवटी तुमच्या बँक कार्डातून वळतं होतं. रिझर्व्ह बँकेच्या नियमामुळे आपली कार्डं मुळात देशातल्या व्यवहारांपुरतीच चालू असतात, परदेशासाठीचं बटण बँकेच्या अ‍ॅपमध्ये निघण्याआधी चालू करा. शक्यतो क्रेडिट कार्ड द्या. डेबिट कार्ड दिलं तर अनामत म्हणून अडवलेली रक्कम आपल्याच खात्यातली असते आणि सुटायला दिवस लागतात. तिकिटाव्यतिरिक्त माणशी रोजची टिप, वायफाय आणि पेयं यांचे पैसे वेगळे पडतात, ते आधीच हिशोबात धरा. किनारा सुटला की फोन लगेच एअरप्लेन मोडवर टाका, नाहीतर जहाजाच्या उपग्रह नेटवर्कचं रोमिंग लागतं आणि बिल भलतंच येतं.

खाण्याची काळजी जेवढी केली होती तेवढी करायची गरज नव्हती. शाकाहारी आणि जैन जेवण आधी कळवलं तर मिळतं, फक्त बुकिंग करतानाच लेखी सांगा. घरचं शिजवलेलं बहुतेक कंपन्या आत येऊ देत नाहीत. बंद पाकिटातला कोरडा खाऊ बऱ्याच ठिकाणी चालतो, तरी आपल्या कंपनीचा नियम वाचून घ्या. लीलो चिवडा आणि भाकरवडीची बंद पाकिटं आमच्या कामी आली. आणखी एक फार कामाची वस्तू म्हणजे कागदी साबण. जहाजांवर उलट्या-जुलाबाचा नोरोव्हायरस पसरतो आणि त्यावर सॅनिटायझरचा फारसा परिणाम होत नाही, साबण-पाणीच लागतं. किनाऱ्यावर उतरलं की साबण मिळेलच असं नाही. ती डबी आता कायम माझ्या पर्समध्ये असते.

बंदरावर उतरताना घड्याळाकडे लक्ष हवं. गोव्यात जहाज मुरगावला लागतं, पणजी तिथून तीसेक किलोमीटर आहे आणि वाटेत गर्दी असते. परत चढायची वेळ जहाज सुटण्याच्या बरीच आधीची असते. स्वतःच्या टॅक्सीने गेलेल्यांसाठी जहाज थांबत नाही. आम्ही वास्को आणि बोगमाळोपुरतंच फिरलो आणि निवांत परतलो.

बडोद्याहून मुंबई पाच तासांची म्हणून सकाळच्या गाडीने जाऊन दुपारी जहाज पकडायचा बेत बरेच जण करतात. मी तसं करणार नाही. आदल्या दिवशी मुंबई गाठा, रात्र नातेवाइकांकडे किंवा हॉटेलात काढा. जहाज जिथून सुटतं ते बॅलार्ड पिअर मुंबई सेंट्रलहून टॅक्सीने फार लांब नाही, पण मुंबईच्या रस्त्यांचा भरवसा धरू नका. जहाजावरच्या दुकानात स्वस्त मिळाली म्हणून दारूची बाटली घेऊन घरी यायचा मोहही नको. गुजरातमध्ये दारूबंदी आहे, परवान्याशिवाय ती आणणं गुन्हा आहे.

शेवटच्या रात्री मोठ्या बॅगा टॅग लावून दाराबाहेर ठेवाव्या लागतात. तेव्हाही पहिल्या दिवसाचीच सॅक हाताशी ठेवा आणि सकाळचे कपडे, चपला, औषधं तिच्यात आठवणीने काढा. उतरायला गटागटाने बोलावतात, खाली बॅगा शोधायला वेळ लागतो. परतीची गाडी दुपारनंतरचीच काढा.