बाबांच्या इन्सुलिनचा थर्मामीटर आणि तीन एनेलूप सेल

बाबांची न उघडलेली इन्सुलिन पेनं फ्रिजमध्ये २ ते ८ अंश सेल्सिअसमध्येच ठेवावी लागतात आणि गोठली की फेकून द्यावी लागतात. आमची पाच पेनं तशी गेली, तेव्हा मी ईएसपी८२६६ या वाय-फाय असलेल्या चिपला डीएस१८बी२० हा तापमानाचा सेन्सर जोडून एक छोटा थर्मामीटर केला. दर पंधरा मिनिटांनी तो जागा होतो, वाय-फायवरून तापमान कळवतो आणि परत झोपतो. सर्किट दोन संध्याकाळींत जमलं. सेल कुठले घालायचे, यातच दोन महिने गेले.

डबी लहान, म्हणून आधी सीआर२०३२ हा बटण सेल लावला. मीटरवर ३ व्होल्ट दिसत होते, तरी वाय-फाय सुरू होताच यंत्र रीसेट व्हायचं. बरेच दिवस मी कोडमध्येच चूक शोधत बसले. वाय-फायला त्या क्षणी दीडशे-दोनशे मिलिअँपिअर तरी लागतात, आणि बटण सेलचा अंतर्गत रोध एवढा की इतका करंट ओढला की व्होल्टेज कोसळतं. मीटर मात्र भार नसतानाचा आकडा दाखवत होता. पॉवर बँक लावली, तर झोपलेलं यंत्र तिला जाणवेचना आणि ती स्वतःच बंद व्हायची. अल्कलाइन सेल चालले असते, पण एका जुन्या यंत्रात त्यांनी पाझरून पट्ट्या खाल्लेल्या मी पाहिल्यात. औषधांशेजारी ते नकोच वाटले.

शेवटी तीन डबल ए एनेलूप, म्हणजे चार्ज करता येणारे निकेल-मेटल हायड्राइड सेल घेतले. 'रिचार्जेबल सेल १.२ व्होल्टचे, कमी पडतील' असं मलाही वाटायचं. पण अल्कलाइनचं व्होल्टेज पहिल्या दिवसापासून उतरत जातं, आणि हे जवळजवळ शेवटपर्यंत १.२ च्या आसपास टिकतात. तीन मिळून ३.६ होतात. चार्जरवरून काढल्या काढल्या मात्र ४ च्याही वर असतात, म्हणून थेट चिपला जोडायचे नाहीत. मध्ये एमसीपी१७०० हा व्होल्टेज ठरावीक ठेवणारा रेग्युलेटर घातला. तो स्वतः जेमतेम दोन मायक्रोअँपिअर खातो. बोर्डावरचा पॉवरचा दिवाही काढून टाकला, कारण यंत्र झोपलेलं असतानाही तो जळतच राहायचा.

माझा हिशोब असा: प्रत्येक जागरण साधारण पाच सेकंदांचं, सरासरी ८० मिलिअँपिअर, दिवसाला ९६ वेळा. म्हणजे दिवसाला सुमारे ११ मिलिअँपिअर-तास. सेलवर किमान १९०० मिलिअँपिअर-तास छापलंय, तेव्हा कागदावर साडेपाच महिने. प्रत्यक्षात पहिला चार्ज साडेचार महिने पुरला, आणि मी मनापासून खूश आहे.

खटकलेली गोष्ट एकच, पण मोठी आहे. व्होल्टेज सपाट राहत असल्यामुळे किती चार्ज उरलाय ते त्यावरून कळत नाही, आणि शेवटी ते एकदम घसरतं. मी ३.४ व्होल्टला मोबाइलवर सूचना ठेवली आहे. ती आली की त्याच दिवशी सेल काढते. ओढत राहिलं तर तिघांतला सगळ्यात अशक्त सेल उलटा चार्ज होऊन कायमचा खराब होतो. म्हणूनच तिन्ही सेल एकाच वेळी घेतलेले, एकत्रच वापरलेले हवेत, आणि चार्जर प्रत्येक सेल वेगळा तपासणारा हवा. नुसता तास मोजून बंद होणारा घेऊ नका.

यंत्र डीप फ्रीझरमध्ये ठेवायचं असेल तर मी हे सेल सुचवणार नाही. तिथे चार्ज न होणारे दीड व्होल्टचे लिथियम डबल ए घ्या, ते उणे ४० अंशांपर्यंत चालतात.